भुवयांचे मायक्रोब्लेडिंग: अकरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी भुवयांचे मायक्रोब्लेडिंग, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेत रंग भरून केसांसारख्या रेषा काढण्याचे काम, करून घेतले, सात आठवड्यांनी टचअप, म्हणजे राहिलेल्या जागा पुन्हा भरण्याची दुसरी बैठक, झाला, आणि आज त्याला अकरा महिने होत आले. आठव्या दिवशी हा अभिप्राय लिहिला असता तर तो संतापाचा झाला असता आणि तिसऱ्या महिन्यात लिहिला असता तर निव्वळ कौतुकाचा. भुवयांत भरलेला रंग वर्षभर बदलत राहतो, त्यामुळे काम झाल्या दिवशीच काढलेल्या छायाचित्रांवर विसंबून निर्णय घेणाऱ्यांना अर्धीच गोष्ट समजलेली असते. उरलेली अर्धी सांगण्यासाठी हा मजकूर आहे.

माझे वय ४३, राहणार डोंबिवली, नोकरी बँकेत. महाविद्यालयात असताना पातळ, कमानदार भुवयांची टूम होती आणि दर पंधरा दिवसांनी पार्लरमध्ये जाऊन मी त्या निष्ठेने कोरून घेत असे. वर्षानुवर्षे दोऱ्याने उपटलेले केस एका टप्प्यानंतर परत येत नाहीत, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. पुढे थायरॉइडचा त्रास सुरू झाला आणि भुवयांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग जवळजवळ मोकळा पडला. थायरॉइड मंदावलेल्या स्त्रियांमध्ये हे लक्षण पुष्कळदा दिसते. रोज सकाळी पेन्सिलीने शेपूट रेखायचे आणि लोकलच्या गर्दीतून दादरला उतरेपर्यंत ते घामाने पुसून जायचे, असा आठ वर्षांचा क्रम होता. तो संपवावा एवढीच माझी इच्छा होती.

पहिल्यांदा ज्या स्टुडिओत चौकशीला गेले, तेथे मला सांगण्यात आले की हे ‘टॅटू’ नाही, ‘सेमी-परमनंट’ आहे आणि दोन वर्षांत संपूर्ण निघून जाते. माझ्या आजीच्या कपाळावर तीन ठिपक्यांचे गोंदण होते, लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेले. काजळीचा काळाभोर रंग भरला होता म्हणे. मला आठवते ते मात्र हिरवट-निळसरच. काळा रंग त्वचेच्या आतल्या थरात बसला की वरच्या थरातून पाहताना निळसर दिसू लागतो. आजीचे गोंदण आणि माझ्या भुवया यांत तत्त्वाचा फरक नाही, फरक आहे तो खोलीचा आणि रंगद्रव्याचा. त्वचेचा सर्वांत वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा होतो. त्यामुळे महिन्यानंतरही जो रंग दिसतो, तो त्याखालच्या थरात पोहोचलेला असतो आणि तेथे शरीराच्या भक्षक पेशी त्याचे कण गिळून धरून ठेवतात. मायक्रोब्लेडिंगमध्ये रंग त्या थराच्या अगदी वरच्या भागात आणि कमी प्रमाणात भरतात, म्हणून ऊन, तेलकटपणा आणि काळ यांनी तो फिका होतो. बहुतेकांच्या बाबतीत दीड ते तीन वर्षांत बराचसा. ‘फिका होतो’ आणि ‘निघून जातो’ यांतील अंतर त्या स्टुडिओतील बाईंनी हसण्यावारी नेले आणि पॅच टेस्टची, म्हणजे ॲलर्जी येते का हे आधी छोट्या जागेवर रंग लावून पाहण्याची, गरज नाही असेही सांगितले, तेव्हा मी तेथून उठले.

ज्यांच्याकडे शेवटी काम करून घेतले, त्यांनी पहिल्या भेटीत भुवयांना हातच लावला नाही. गर्भारपण किंवा अंगावर पाजणे, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, जखमेवर गाठीसारखा व्रण वाढण्याची प्रवृत्ती, सोरायसिस, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, चेहऱ्यावर लावायचे रेटिनॉल, केसांच्या काळ्या डायची ॲलर्जी असे सगळे विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन एकदा स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, मग तारीख ठरवू.” मी दाखवले. आपल्याकडच्या सावळ्या वर्णात जखम भरताना काळसर डाग राहण्याचा धोका अधिक असतो, हे डॉक्टरांनी प्रथम सांगितले. माझ्या खांद्यावरच्या जुन्या लसीच्या वणाकडे नीट पाहिले आणि मगच हरकत नसल्याचे म्हटले. पॅच टेस्ट कानामागे झाली आणि तारीख त्यानंतर दोन दिवसांनी मिळाली.

रंगाची बाटली हातात घेऊन वाचा, असा माझा आग्रह आहे. तिच्यावर बॅच क्रमांक आणि मुदत तर असावीच, पण घटकांच्या यादीतील सी.आय. (कलर इंडेक्स) क्रमांक, म्हणजे प्रत्येक रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक, अधिक बोलके असतात. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ हे अनुक्रमे लाल, पिवळ्या आणि काळ्या लोह-ऑक्साइडचे क्रमांक. ७७२६६ म्हणजे कार्बन ब्लॅक. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी. लोह-ऑक्साइडचे मिश्रण फिके होताना बहुधा तांबूस किंवा नारिंगी छटेकडे झुकते, कार्बनचे राखाडी-निळसर छटेकडे. माझ्या बाटलीत दोन्ही होते. मी “काळाच द्या” म्हणत होते, कारण केस काळे आहेत. त्यांनी साफ नकार दिला आणि गडद तपकिरीत थोडी उबदार छटा मिसळली. सावळ्या त्वचेखाली कोणताही रंग मुळापेक्षा थंड, राखेसारखा दिसतो, त्याची भरपाई आधीच करावी लागते, हे त्यांचे म्हणणे मला अकरा महिन्यांनी पटले आहे.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी पाऊण तास केवळ आखणीत गेला. रंग लावलेला दोरा कपाळावर ताणून नाकाच्या रेषेपासून भुवईचा आरंभ, कमान आणि टोक यांच्या खुणा करण्यात आल्या. हे सर्व मला बसवून, चेहरा सैल ठेवून झाले, कारण आडवे झाल्यावर भुवया सरकतात आणि आपण नकळत एक भुवई उचलत असतो. माझी डावी भुवई मुळातच किंचित वर आहे. ती संपूर्ण जुळवायचा मी हट्ट धरला नाही आणि आज त्याचे समाधान वाटते. त्यानंतर लिडोकेनचे बधिर करणारे मलम लावले. पाते माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढले गेले. त्याला पाते म्हणतात खरे, पण ती एका ओळीत बसवलेल्या बारीक सुयांची तिरपी फणी असते. वेदना सहन करण्याजोगी होती; अस्वस्थ केले ते आवाजाने. जाड कापडावर टोकदार नख ओढावे तशी करकर हाडातून थेट कानात ऐकू येते आणि तिची तयारी कोणी करून देत नाही.

पुढचे दोन आठवडे मात्र मनाची परीक्षा पाहणारे होते. दुसऱ्या दिवशी भुवया इतक्या गडद आणि जाड दिसत होत्या की मुलाने नाटकात काम मिळाले का, असे विचारले. पाचव्या दिवसापासून कोंड्यासारख्या खपल्या सुटू लागल्या, आठव्या दिवशी बरोबर अर्धी भुवई नाहीशी झाली आणि बाराव्या दिवशी आरशात जवळजवळ काहीच नव्हते. पैसे पाण्यात गेले अशा निष्कर्षाप्रत मी आले होते. नवी त्वचा दुधाळ असते आणि तिच्याखालून रंग वर येण्यास चार आठवडे लागतात, हे मला आधी सांगितले होते, तरीही मी रडवेली झाले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी रेषा परत दिसल्या. या काळात पाणी, वाफ, घाम आणि ऊन टाळायचे असते. पोहणे आणि जिम यांचा उल्लेख सगळे करतात. कुकरचे झाकण उघडताना तोंडावर येणारी वाफ मात्र कोणाच्या सूचनापत्रात नसते. सासूबाईंनी मायेने हळदीचा लेप सुचवला, तोही नम्रपणे नाकारावा लागला, कारण उघड्या जखमेत स्वयंपाकघरातील काहीच जाऊ देणे योग्य नाही.

एक चूक माझी स्वतःची आहे. शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल तेल चोपडून झोपण्याची जुनी सवय मी दहाव्या दिवशीच पुन्हा सुरू केली. तेल ओघळून उजव्या भुवईच्या टोकावर आले, ओली झालेली खपली सकाळी उशीला चिकटून निघाली आणि तेवढ्या जागेत रंग धरलाच नाही. टचअपच्या वेळी ती जागा पुन्हा भरली गेली. त्वचेच्या त्याच तुकड्यावर दोनदा पाते चालले, आणि आज तोच तुकडा बाकीच्या भुवईपेक्षा अधिक राखाडी दिसतो. यात करणाऱ्या बाईंना दोष देता येत नाही.

आता महिन्यांचा हिशोब. चौथ्या महिन्यापर्यंत प्रत्येक रेषा सुटी, केसासारखी दिसत होती आणि लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बायकांनाही काही कळत नव्हते. मे महिन्याच्या घामानंतर रेषांच्या कडा मऊ होऊ लागल्या आणि पावसाळा संपेपर्यंत आरंभीच्या भागातील रेषा एकमेकींत मिसळून गेल्या. माझी त्वचा तेलकट आहे, कपाळ आणि नाक दुपारपर्यंत चमकू लागते. अशा त्वचेत बारीक रेषा पसरतात, त्यामुळे यंत्राने बारीक ठिपक्यांची छटा भरण्याची पद्धत, जिला पावडर ब्रो म्हणतात, ती अधिक टिकते आणि फिकी होतानाही सारखी दिसते. हे मला पहिल्या भेटीतच सांगण्यात आले होते. मी छायाचित्रांतील केसांसारख्या रेषांना भुलले. ज्यांची त्वचा कोरडी आणि रोमछिद्रे लहान आहेत, त्यांनी मायक्रोब्लेडिंगचा विचार अवश्य करावा. मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्या तेलकट त्वचेच्या स्त्रीने तो दोनदा करावा.

आज दोन हातांवरून पाहिल्यास भुवया व्यवस्थित भरलेल्या वाटतात. आरशाच्या अगदी जवळ गेल्यास केसांच्या मागे फिकट तपकिरी धूसर पट्टा आणि उजव्या टोकाला तो राखाडी ठिपका दिसतो. पेन्सिल मी एप्रिलपासून वापरलेली नाही. सकाळची आठ मिनिटे वाचतात आणि घाम पुसताना हात बिचकत नाही, हा लाभ खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही.

ज्या दोन गोष्टींचा मी आधी विचारच केला नव्हता, त्या नंतर समोर आल्या. ऑगस्टमध्ये कार्यालयातील रक्तदान शिबिरात अर्ज भरताना गोंदवून घेण्याविषयीचा रकाना आला. मी प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिले आणि मला परत पाठवण्यात आले, कारण त्यानंतर बारा महिने रक्त घेत नाहीत. नियमित रक्तदात्यांनी हे लक्षात ठेवावे. त्याआधी जुलैमध्ये मानेचा एमआरआय करावा लागला होता. लोह-ऑक्साइडच्या रंगामुळे क्वचित त्या जागी चुरचुर किंवा उष्णता जाणवू शकते, म्हणून तंत्रज्ञाला भुवयांविषयी आधी सांगणे आवश्यक असते. मी सांगितले, त्याने हातात बटण देऊन त्रास झाल्यास दाबा असे म्हटले, मला काहीही जाणवले नाही.

काढून टाकण्याविषयी मला स्वतःचा अनुभव नाही, परंतु माझ्या एका नात्यातील वहिनींचा आहे. त्यांनी चार वर्षांपूर्वी दुसरीकडे करून घेतलेल्या भुवया विटकरी झाल्या, त्या झाकण्यासाठी वरून त्वचेच्या रंगाचे द्रव्य भरण्यात आले आणि मग कंटाळून त्या लेझरकडे वळल्या. डॉक्टरांनी आधी छोट्याशा जागेवर चाचणी घेतली आणि ती जागा उजळण्याऐवजी काळी पडली. फिक्या रंगांत टायटॅनियम डायऑक्साइड असते. लेझरच्या माऱ्याने ते आणि तांबडे लोह-ऑक्साइडही रासायनिकदृष्ट्या बदलून गडद होऊ शकते. त्यामुळे कोणी चूक झाकण्यासाठी फिका रंग भरण्याचा उपाय सुचवला, तर तो पुढचा रस्ता अधिक अवघड करतो, हे समजून घ्यावे. वहिनींच्या अजूनही बैठका चालू आहेत आणि आतापर्यंत त्यांचा खर्च मूळ कामाच्या दुप्पट झाला आहे.

मला पहिल्या बैठकीचे १४,००० रुपये आणि टचअपचे ३,००० रुपये पडले. वर्षाअखेरीस रंग ताजा करण्यासाठी पुन्हा ५,००० सांगितले आहेत. ज्यांना हा खर्च एकदाचा वाटतो, त्यांनी ही दरवर्षीची रक्कम आधीच धरावी. भुवया कोरणेही थांबलेले नाही. रंगाच्या बाहेर उगवणारे केस महिन्यातून एकदा काढावेच लागतात, आणि पार्लरमधल्या ताईंना दोरा रंगाच्या रेषेच्या बाहेरच चालवा, असे दरवेळी सांगावे लागते. उन्हात बाहेर पडताना भुवयांवरही सनस्क्रीन लावते, तेवढी एक सवय वाढली आहे.

परवा माझ्या भुवया करणाऱ्या बाईंचा फोन आला होता, डिसेंबरमध्ये रंग ताजा करायचा का म्हणून. मी रथसप्तमीनंतरची वेळ मागितली आहे, कारण हळदीकुंकवाला खपल्या घेऊन बसण्याची माझी इच्छा नाही. या खेपेस रेषा नकोत, केवळ हलकी छटा हवी, असे त्यांना कळवले. उजव्या टोकाचा राखाडी भाग दिवसाच्या उजेडात पाहून, त्यावर काही भरणे योग्य की तो आणखी वर्षभर तसाच फिका होऊ द्यावा, हे त्या ठरवणार आहेत. त्यांनी ‘तसाच राहू द्या’ म्हटले, तर मी आनंदाने परत येईन.