टूसॉनचे अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम: भर दुपारी थांबण्याजोगे

फिनिक्स परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे उन्हाळ्याच्या तोंडावर भारतातून आईवडील आले की त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवून आणण्याचा प्रघात पडलेला आहे. आम्हीही पूर्वी तेच केले होते. यंदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र मी आईला घेऊन उलट दिशेने, गाडीने सुमारे दोन तासांवर असलेल्या टूसॉनला गेलो आणि शहराच्या पश्चिमेकडील डोंगरात वसलेल्या अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये आम्ही जवळजवळ संपूर्ण दिवस घालवला. नावात म्युझियम असले तरी काचेच्या कपाटांची दालने येथे थोडीच आहेत. 1952 साली सुरू झालेल्या या संस्थेचा बहुतेक भाग उघड्यावर आहे आणि प्राणिसंग्रहालय, वनस्पती उद्यान व भूगर्भशास्त्राचे प्रदर्शन या तिन्ही गोष्टी सवारो निवडुंगांच्या रानातून जाणाऱ्या पायवाटांवर एकत्र पाहता येतात.

सकाळी लवकर जावे आणि ऊन तापण्यापूर्वी बाहेर पडावे, असे येथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते. पिंजऱ्यातील किंवा कुंपणातील प्राण्यांच्या दृष्टीने हा सल्ला योग्यच आहे, कारण दुपारी ते सावलीला निजलेले असतात. परंतु मला या जागेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटले ते कोणत्याही कुंपणात नाही. आवारात मोकळ्या हिंडणाऱ्या, कोणी आणून न ठेवलेल्या, येथल्याच रानातल्या जमिनीवर राहणाऱ्या खारी हे ते वैशिष्ट्य होय, आणि त्यांच्यातील सर्वांत देखणी जात तर इतर प्राणी निजलेले असतानाच कामाला लागलेली दिसते.

हॅरिसची अँटिलोप खार हे तिचे नाव. शास्त्रीय नावातील ‘अ‍ॅमोस्पर्मोफिलस’ या शब्दाचा अर्थ वाळू आणि बिया यांची आवड असणारी असा होतो, आणि तिला अर्धा तास पाहिल्यावर हे नाव किती नेमके आहे हे पटते. आईच्या मनातली खार म्हणजे साताऱ्याच्या घरामागील आंब्यावरची, सेतू बांधताना श्रीरामाने पाठीवरून बोटे फिरवल्यामुळे तीन पट्टे उमटलेली. या खारीच्या पाठीवर पट्टा नाही, दोन्ही कुशींवर मात्र एकेक पांढरी रेघ आहे. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “अरे, हिला देवाने दोन्ही बाजूंनी एकेका बोटाने कुरवाळलेले दिसते.” शेपटी पाठीवर उलटी वळवून, स्वतःच्याच छत्रीखाली चालल्याप्रमाणे ती उन्हातून धावत होती. एका जाडजूड पिंपासारख्या निवडुंगावर ती काट्यांची पर्वा न करता चढली, वरचे पिवळे फळ तिने कुरतडले आणि गालांच्या पिशव्या बियांनी फुगवून खाली उतरली.

त्यानंतर जे दिसले त्यासाठी तरी दुपारी थांबावे असे मी म्हणेन. वेलींनी छायलेल्या मांडवाखालच्या गार मातीवर ती चारही पाय पसरून, पोट जमिनीला घट्ट टेकवून अगदी चपटी होऊन पडली. आईला वाटले की तिला ऊन लागले असावे, पण तेथे कवट्या आणि हाडांचे नमुने मांडून बसलेल्या स्वयंसेवक बाईंनी आम्हाला समजावले की अंगात साठलेली उष्णता ती अशा रीतीने जमिनीला देऊन टाकते. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेले तरी ही खार ते सहन करू शकते आणि अंग थंड झाले की पुन्हा उन्हात जाते. घामावर पाणी खर्च करणे वाळवंटात परवडणारे नसते, म्हणून उष्णता आधी साठवायची आणि मग सावलीत सोडायची, हा तिचा मार्ग आहे. दोन-तीन मिनिटांत ती उठून निघूनही गेली.

गोल शेपटीची खार तुलनेने साधी, वाळूच्या रंगाची, अंगावर एकही रेघ नसलेली आहे. ती बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर ताठ उभी राहून पहारा करते. खडकांवर दिसणारी करडी, झुपकेदार शेपटीची रॉक स्क्विरल या दोघींपेक्षा खूपच मोठी असते. गवताळ प्रदेशाच्या विभागातील काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉगही वस्तुतः खारींच्याच कुळातले आहेत, आणि त्यांच्यापुढे मी थोडा अधिक रेंगाळलो. गुरांचे गवत खातात म्हणून विष घालून त्यांना अ‍ॅरिझोनातून नाहीसे करण्यात आले होते, आणि 2008 साली टूसॉनच्या आग्नेयेकडील लास सिएनेगास परिसरात त्यांना पुन्हा सोडण्यात आले.

सोयींविषयी सांगायचे तर मांडव आणि बाके योग्य अंतरावर आहेत, परंतु सर्व वाटा मिळून तीन किलोमीटरांहून अधिक भरतात आणि काही ठिकाणी चढउतारही आहे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. आम्ही अर्धाच भाग पाहिला. टोपी आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी घेतल्याशिवाय दुपारी थांबू नये. जवळ आलेल्या खारींना शेंगदाणे किंवा चिवडा घालण्याचा मोहही आवरावा, कारण बिया वेचण्यावरच त्यांचे जगणे बेतलेले आहे. गेट्स पासचा घाटरस्ता सुंदर असला तरी वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी किनी रोडचा मार्ग बरा.

माझ्याकडून या संग्रहालयाला पाचपैकी पाच गुण. हवा सुखाची म्हणून डिसेंबरात जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की गोल शेपटीच्या खारी तेव्हा बिळात निजलेल्या असतात. हॅरिसची खार मात्र शीतनिद्रा घेत नाही आणि थंडीतही ऊन वर आल्यावर बाहेर पडते.