फ्लेमिंगनंतरचा बाँड: आठ महिन्यांच्या फेरवाचनानंतर फळीवर काय उरलं

नव्या घरात इंग्रजी थरारकथांच्या वाट्याला एकच फळी आली. इयान फ्लेमिंगची मूळ चौदा पुस्तकं जागची हलणार नव्हती. प्रश्न होता त्याच्या माघारी इतरांनी लिहिलेल्या बाँडचा. फ्लेमिंग १९६४ च्या ऑगस्टमध्ये गेला आणि नंतर किंग्जली एमिसपासून अँथनी होरोविट्झपर्यंत बऱ्याच जणांनी ००७ ला कामाला जुंपलं. एकट्या जॉन गार्डनरच्याच चौदा कादंबऱ्या, शिवाय सिनेमांवरून बेतलेल्या दोन. माझी दोन खोकी भरली होती. गेल्या आठ महिन्यांत ती पुन्हा वाचली. काही पूर्ण, काही पन्नास पानांत मिटून ठेवली.

पहिल्या वाचनात यातली बहुतेक बरी वाटतात. पुढे काय होणार या ओढीने पानं सरतात. दुसऱ्या खेपेला खलनायकाचा बेत ठाऊक असतो, फितूर कोण तेही ठाऊक असतं. मग बाँड एकटा जेवतोय, कंटाळलाय, मनातून टरकलाय, अशा पानांवर रेंगाळावंसं वाटतं का, एवढंच बघायचं. फ्लेमिंगची गंमत मला तरी तिथेच सापडते.

एमिसने रॉबर्ट मार्कहॅम या टोपणनावाने लिहिलेली ‘कर्नल सन’ (१९६८) या परीक्षेत सरळ पहिली आली. बाँड नेहमीसारखा एमच्या, म्हणजे गुप्तहेर खात्यातल्या त्याच्या वरिष्ठाच्या, घरी जातो आणि आत माणसं दबा धरून बसलेली असतात. पूर्वी हे प्रकरण मी ‘कथा ग्रीसला कधी पोचतेय’ म्हणत भराभर उरकलं होतं. या वेळी एमच्या घरचं काम बघणाऱ्या हॅमंड नवरा-बायकोपाशी अडकलो. दोन साधी माणसं, कथेच्या सोयीसाठी मेलेली. पण एमिस ते सोयीचं वाटू देत नाही. छळाचा प्रसंग तर ‘स्पेक्टर’ सिनेमाने उचललाच. पडद्यावर चकचकीत यंत्र आहे, पुस्तकात स्वयंपाकघरातल्या वस्तू आहेत. कुठलं जास्त भयंकर, ते वाचणाऱ्याला कळेल.

गार्डनर मी लोकलमध्ये वाचला आणि तिथे तो उत्तम चालतो. साब ९०० टर्बो चालवणाऱ्या बाँडवर लोक अजून नाक मुरडतात. मला गाडीचं काही वाटत नाही, त्रास होतो तो दगाबाजीच्या सुकाळाचा. ‘आइसब्रेकर’मध्ये चार देशांचे हेर एकत्र येतात आणि जो तो दुसऱ्यावर उलटतो, एकदा माहीत झाल्यावर ते पत्ते पिसल्यासारखं वाटतं. अपवाद ‘नोबडी लिव्ह्ज फॉर एव्हर’चा. बाँडच्या शिरावर इनाम लागलंय, घर सांभाळणारी मे आणि एमची सेक्रेटरी मनीपेनी दोघी पळवल्या गेल्यात आणि तो युरोपातून गाडी हाकत निघालाय. इथे भीती टिकते, कारण धोका जगाला नाही, घरच्या माणसांना आहे. गार्डनरचं एवढं एकच ठेवलं.

रेमंड बेन्सनची भाषा सपाट आहे, यावर वाद घालणार नाही. तरी ‘हाय टाइम टू किल’ राहिलं, आणि त्यात माझा सह्याद्रीतला पक्षपात आहे. विमान कांचनजुंगावर कोसळतं आणि बाँडला शाळेतल्या जुन्या वैऱ्याबरोबर मोहिमेवर जावं लागतं. २०१९ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेची मंडळी त्याच शिखरावर गेली होती, त्यानंतर ही पानं वाचताना दोर, कॅम्प, दम लागणं सगळं जवळचं झालं. पहाड नसता तर पुस्तक रद्दीत गेलं असतं.

सेबॅस्टियन फॉक्सचं ‘डेव्हिल मे केअर’ (२००८) फ्लेमिंगच्या जन्मशताब्दीला आलं, मुखपृष्ठावर ‘फ्लेमिंग या भूमिकेतून’ असं मिरवत. नक्कल हुबेहूब आहे आणि हाच घोळ आहे: टेनिसच्या सामन्यात खलनायक लबाडी करतो तेव्हा फ्लेमिंगच्याच ‘गोल्डफिंगर’मधला गोल्फ आठवतो आणि मी तेच काढून वाचत बसलो. जेफ्री डीव्हरच्या ‘कार्ट ब्लांश’मधला अफगाणिस्तानातून आलेला आजचा बाँड हुशार आहे, पण तो बाँड आहे असं मला एकदाही वाटलं नाही. दोन्ही मित्राला दिली.

विल्यम बॉइडचं ‘सोलो’ (२०१३) अर्धंच आवडतं. १९६९ साल, पंचेचाळिसावा वाढदिवस, स्वप्नात दुसरं महायुद्ध. आफ्रिकेतला काल्पनिक देश खरा वाटतो, कारण बॉइड स्वतः घाना-नायजेरियात वाढलेला. अमेरिकेत पोचल्यावर मात्र हवा जाते. पण त्यात बाँडच्या सॅलड ड्रेसिंगची कृती तळटीपेत दिलीय! अशा आगाऊपणासाठी मी पुस्तकाला बरंच माफ करतो.

होरोविट्झच्या तिन्हींपैकी ‘ट्रिगर मॉर्टिस’ (२०१५) दोनदा वाचलं. मोटारशर्यतीच्या भागाला फ्लेमिंगच्याच न वापरलेल्या मजकुराचा आधार आहे; पण मला धरून ठेवतं ते त्याआधीचं. ‘गोल्डफिंगर’ला दोनच आठवडे झालेत, त्यातली नायिका पुसी गलोर लंडनला बाँडच्या घरात राहतेय आणि तिचं करायचं काय हे त्याला उमगत नाही. जिंकून आणलेल्या बाईसोबत सकाळचा नाश्ता, आणि बोलायला विषय नाही. ‘फॉरेव्हर अँड अ डे’ सुरुवातीला झकास आहे, पण बाँडची प्रत्येक सवय कुठून आली हे समजावत बसतं. मार्टिनी हलवलेलीच का, याचं उत्तर मला नको होतं.

होरोविट्झच्या तिसऱ्या ‘विथ अ माइंड टू किल’चा शेवट दोन्ही वेळा वेगळा कळला, म्हणून ते अजून उशाशीच आहे. फळीवर ‘ट्रिगर मॉर्टिस’च्या शेजारी त्याच्या जाडीची फट ठेवलीय. सध्या तिथे चष्म्याची डबी आहे.