मूळपुरुष विकत घेतला, त्याची गोष्ट

बोस्टनच्या ग्रंथालयातल्या बाईंनी पुस्तकातल्या एका ओळीवर पेन्सिलीचं मागचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, "हा मुलगा तीन वर्षांचा असतानाच गेला."

ज्या मुलाच्या खांद्यावर माझ्या सासरच्या अकरा पिढ्या उभ्या केल्या होत्या, तोच हा मुलगा. त्याच्यापासून पुढची सगळी माणसं खरी होती, त्याच्या मागचीही बहुतेक खरी होती. फक्त मधला हा सांधा खोटा होता आणि त्या सांध्याचे मी ३,८०० डॉलर मोजले होते. आपले सव्वातीन लाख रुपये. वर मी नोकरी करते ती हिशेब तपासनिसाची. व्हाउचर बघितल्याशिवाय कुणाचं टॅक्सीचं बिल पास करत नाही.

मी मूळची नगरची, गेली बावीस वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. नवरा इथलाच, न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, जुन्या घराण्यातला. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. शब्दाचा अर्थ सांगितल्यापासून ते त्यावर भलतेच खूश आहेत. गेल्या वर्षी त्यांना ऐंशी पूर्ण झाली. घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली एक गोष्ट आहे, की आपला मूळपुरुष विन्थ्रॉपबरोबर इंग्लंडहून आला. पुरावा म्हणजे आजोबांनी टाइप केलेला एक पिवळा कागद आणि भिंतीवरची ढाल-तलवारीची एक फ्रेम. नणंद म्हणाली, वाढदिवसाला या गोष्टीचं नीट पुस्तक करून देऊ. मी म्हटलं, माझ्याकडे लागलं.

इथे एक सांगून टाकते, कारण आमच्या घरातही याची कायम गल्लत होते. 'मेफ्लॉवर'मधून १६२० मध्ये प्लिमथला उतरले ते पिलग्रिम. त्यांनी इंग्लंडच्या चर्चशी नातंच तोडलं होतं. प्युरिटन इथे त्यांच्यानंतर आले. चर्चमध्ये राहून ते 'शुद्ध' करू म्हणणारे. १६३० मध्ये त्यांचा पुढारी जॉन विन्थ्रॉप अकरा जहाजांचा काफिला घेऊन आला, बोस्टन वसलं, आणि पुढच्या दहा वर्षांत हजारो माणसं येत राहिली. ही माणसं कागदाची पक्की. गावाचा कारकून जन्म-मृत्यू लिहायचा, कोर्टात मृत्युपत्रं जायची, जमिनीची खरेदीखतं व्हायची. म्हणून न्यू इंग्लंडच्या घराण्यांचा माग इतरांपेक्षा बराच सोपा लागतो. आणि म्हणूनच या धंद्यात भामटेही फार.

मला इंटरनेटवर जो वंशावळीवाला सापडला त्याची वेबसाइट सुबक होती, बोलणं त्याहून सुबक. त्याचं नाव देत नाही. ते त्याचं खरं नाव होतं की नाही याचीच मला आता खात्री नाही. त्यानं पहिल्याच दिवशी एक फॉर्म पाठवला. त्यात शेवटचा प्रश्न होता, "तुम्हाला काय सापडलं तर सर्वांत जास्त आनंद होईल?" केवढा आपुलकीचा प्रश्न वाटला मला! मी दीड पान लिहिलं. विन्थ्रॉपची गोष्ट लिहिली, फ्रेमचा फोटो जोडला, आणि शेवटी स्वतःबद्दलही लिहिलं, की मी अहमदनगरची, माझी आजी अमेरिकन मिशनच्या शाळेत शिकली, वगैरे. चोराला तिजोरीची किल्ली दिली म्हणतात, मी तर वर चहापण पाजला.

पहिला हप्ता ६०० डॉलर. दीड महिन्यात चाळीस पानांचा अहवाल आला आणि तो चोख होता. बाबांपासून मागे जनगणनेचे उतारे, जन्माच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, सगळं. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहिलं गेलं, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं, हेसुद्धा त्यानं समजावून सांगितलं होतं. हे सगळं फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट मिळतं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मात्र मी चार-पाच नोंदी स्वतः पडताळून पाहिल्या, त्या बरोबर निघाल्या, आणि माझा विश्वास बसला. फसवणुकीचा पाया तिथेच घातला गेला.

गाडी अडली १७६२ मध्ये. त्या साली राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका नव्या गावात आमचा एक थॉमस जमीन घेतो. तो कुठून आला, बाप कोण, काही नाही. हे अगदी नेहमीचं आहे म्हणे. पूर्वेकडची गावं भरली, वाटण्या होऊन शेतं तुकड्यांवर आली, की धाकटी मुलं नव्या गावांत निघून जायची, आणि एकाच नावाचे चार-चार थॉमस त्या काळात फिरत असायचे.

वंशावळीवाला म्हणाला, हे कोडं सुटेल, पण खाजगी संग्रहातली कागदपत्रं बघावी लागतील, इंग्लंडमधल्या सहकाऱ्याला पैसे द्यावे लागतील. १,४०० डॉलर. क्रेडिट कार्ड नको, बँकेतून थेट पाठवा. पाठवले.

तीन आठवड्यांनी मेल आला, "अभिनंदन!" सगळंच सापडलं होतं. पुरावा म्हणजे कुणाच्या तरी खाजगी संग्रहातल्या घरगुती बायबलचं, घराण्याच्या तारखा लिहिलेलं एक पान. आमचा थॉमस म्हणजे मिडलसेक्स काउंटीतल्या एका जुन्या गावात १७३६ मध्ये जन्मलेला थॉमस. त्याचा बाप, आजा, पणजा, आणि पणज्याचा बाप थेट विन्थ्रॉपच्या 'आर्बेला' जहाजावर. शिवाय फ्रेममधलं ढालीचं चिन्हही आमचंच निघालं. आणि शेवटचा परिच्छेद खास माझ्यासाठी होता: याच घराण्यातली एक स्त्री एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या मिशनमध्ये शिक्षिका होती.

माझ्या अंगावर काटा आला. नगरच्या माणसाला हे काही अशक्य वाटत नाही. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले ते मॅसॅच्युसेट्समध्येच स्थापन झालेल्या मिशन मंडळाचे, म्हणजे या प्युरिटनांच्याच चर्चचे वारस. १८३१ मध्ये नगरला मिशन आलं, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघालं. माझ्या आजीला धुळाक्षरं शिकवणाऱ्या शाळेत नवऱ्याची खापरपणजी! मी ऑफिसात रडले. उरलेले १,८०० त्याच दुपारी पाठवले, छपाई आणि चामड्याच्या बांधणीसकट.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, त्र्यंबकेश्वरचे गुरुजीसुद्धा वही पुढ्यात ठेवतात, आजोबांची सही दाखवतात आणि मग दक्षिणा मागतात. तुझ्या माणसानं वही दाखवली का?" मी म्हटलं, आई, इथलं वेगळं असतं.

वाढदिवस थाटात झाला. बाबांनी पुस्तक मांडीवर ठेवून नातवंडांना 'आर्बेला'ची गोष्ट सांगितली. पुतण्यानं त्याच रात्री सगळी वंशावळ इंटरनेटवर चढवली.

उघडकीला आलं ते नणंदेमुळे. तिनं जुन्या वसाहतवाल्यांच्या वंशजांच्या एका संस्थेत सभासदत्वासाठी अर्ज केला. तिथे प्रत्येक पिढीचा दुवा कागदानं सिद्ध करावा लागतो. अर्ज अगदी सौजन्यानं परत आला, सातव्या आणि आठव्या पिढीतल्या नात्याला पुरावा नाही. मी चिडले. पुस्तक पिशवीत घातलं आणि गाडी धरून बोस्टनला न्यूबरी स्ट्रीटवर गेले. तिथे न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटीचं ग्रंथालय आहे. संस्था १८४५ पासूनची, या विषयात तिच्याइतकं जुनं देशात कुणी नाही.

टेबलामागच्या बाई सत्तरीच्या, गळ्यात दोरीचा चष्मा. त्यांनी आधी 'आर्बेला'च्या यादीचं पान उघडलं आणि हसू दाबलं. १६३० च्या काफिल्याची प्रवाशांची मूळ यादी कुठेच शिल्लक नाही. आज जी नावं सांगतात ती नंतरच्या अभ्यासकांनी इतर कागदांवरून जुळवलेली. आमच्याकडे मात्र मूळ यादीचा 'फोटो' होता! मग त्यांनी १६२० ते १६३५ मध्ये आलेल्या लोकांवरचे, रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांचे जाडजूड खंड काढले. आमचा तथाकथित मूळपुरुष त्यात होता. खरा माणूस, पण काफिल्यानंतर पाच वर्षांनी आलेला.

पुढे लग्नाचं पान. १६६२, चर्चमध्ये, पाद्रीच्या हस्ते, 'नाताळच्या मंगल दिनी'. बाईंनी चष्मा काढून पुसला. तेव्हाच्या मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न हा दिवाणी करार होता, तो मॅजिस्ट्रेट लावायचा, पाद्री नव्हे. १६८० च्या दशकापर्यंत हेच चालू होतं. आणि नाताळ? प्युरिटनांना तो पोपचा सण वाटायचा. १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. मधली नावंही खटकली त्यांना. त्या शतकात साधी एकेक नावं, फार तर 'इन्क्रीझ' नाहीतर 'थँकफुल' अशी गुणवाचक. आमच्या पुस्तकात प्रत्येक बाईला दोन-दोन नावं, एकविसाव्या शतकातल्या बारशासारखी.

तारखांचं मला सर्वांत आवडलं. आपलं वर्ष जसं पाडव्याला बदलतं तसं त्यांचं १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे फेब्रुवारीतली तारीख खऱ्या कागदात १६४१/२ अशी दोन सालांची दिसते, आणि महिन्यांची नावं मूर्तिपूजकांची म्हणून हे लोक बरेचदा 'बारावा महिना' असं लिहीत. आमच्या बायबलच्या पानावर झगझगीत 'फेब्रुवारी १६४२'. अक्षर तर मोत्यासारखं. बाई म्हणाल्या, "हे मला चष्म्याशिवाय वाचता येतंय, तिथेच गडबड आहे." मोडीचं पान ज्यानं हातात धरलंय त्याला हे लगेच कळावं.

आणि मग तो मुलगा. गावागावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापील पुस्तकांत आहेत. त्या गावाचं पुस्तक त्यांनी काढलं. थॉमस, जन्म १७३६. पान उलटलं, मृत्यू १७३९. त्याच आठवड्यात त्याच्या दोन बहिणीही. त्या वर्षांत न्यू इंग्लंडमध्ये घशाची साथ होती, घटसर्प असावा असं आता मानतात, तिनं हजारो मुलं नेली. मी जीव मुठीत धरून विचारलं, गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचे ना? "ठेवायचे," बाई म्हणाल्या, "इथेही ठेवलंय." १७४१ मध्ये दुसरा थॉमस जन्मला, पण तो आयुष्यभर त्याच गावात राहिला आणि तिथेच गेला. त्याचं मृत्युपत्र आहे, मुलांची नावं आहेत. त्यात आमचं कुणी नाही. बायबलचं पान फक्त पहिल्या थॉमसला जगवण्यासाठी बनवलं होतं.

ही युक्ती जुनी आहे. गुस्ताव्ह अँजू नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला एक गृहस्थ न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर बसून श्रीमंतांना वंशावळी विकायचा. १९४२ मध्ये तो गेला. शंभरावर घराण्यांच्या खोट्या वंशावळी त्याच्या नावावर आहेत. त्याची पद्धत हीच: ढिगानं खरे कागद, खऱ्या संदर्भांसकट, आणि नेमक्या मोक्याच्या जागी एक कागद असा, की ज्याचा ठावठिकाणा दिलेलाच नाही. मी ज्या चार-पाच नोंदी पडताळल्या त्या खऱ्याच असणार होत्या. मी तपासायला हवा होता तो संदर्भ नसलेला एकच कागद.

मिशनच्या शिक्षिकेचाही शोध घेतला. त्या मिशन मंडळाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. तिथल्या सूचीत तिचं नाव नाही. असणार कुठून? ती माझ्या दीड पानांतून जन्मली होती. ढालीचंही तसंच. असं चिन्ह आडनावाला नसतं, एका माणसाला आणि त्याच्या सिद्ध वंशजांना असतं. दुकानात आडनाव सांगून मिळतं ते शोभेचं.

वंशावळीवाल्याला मेल केला. आधी शांतता. मग उत्तर आलं, की नवा पुरावा पुढे आल्याने ९०० डॉलरमध्ये फेरतपासणी करता येईल. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःहून पाठवले, आम्ही काय करणार. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागात तक्रार दिली आहे. कुणाला असं काम द्यायचंच असेल तर आधी त्याचा एखादा जुना अहवाल मागा आणि त्यात न सुटलेल्या गोष्टी कशा लिहिल्यात ते बघा. चांगला माणूस "इथे पुरावा संपतो" असं लिहून त्याचेही पैसे घेतो, आणि ते द्यावेत. मिळालेल्या प्रत्येक कागदाचं मूळ कुठल्या कचेरीत, कुठल्या खंडात, कुठल्या पानावर, हे विचारा. 'मालकाला नाव उघड करायचं नाही' असं उत्तर आलं की हप्ता थांबवा. आणि काय सापडावंसं वाटतं हे त्याला चुकूनही सांगू नका.

बाबांना मी आठवडाभरानं सांगितलं. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, चाळलं, आणि एकसष्टाव्या पानावर पिवळी चिठ्ठी चिकटवली. थरथरत्या हातानं त्यावर लिहिलं, 'इथून मागे खोटं.' पुस्तक पुन्हा कपाटात, फ्रेम अजून भिंतीवर.

पुतण्यानं त्याचं पान काढून टाकलं, पण तोवर चौदा जणांनी ते आपापल्या वंशावळीत उतरवून घेतलं होतं. मी चौदाही जणांना लिहिलं, मृत्यूच्या नोंदीचा फोटो जोडला. तिघांनी दुरुस्ती केली, दहा जणांनी उत्तरच दिलं नाही. चौदावं उत्तर ओहायोतल्या एका आजोबांचं. त्यांनी मनापासून आभार मानले होते आणि खाली लिहिलं होतं, "काळजी करू नका, तुमचं आणि आमचं शब्दन् शब्द जुळतंय. म्हणजे खरंच असणार."