परवान्याच्या एजंटाला दोन तारे

निफाडला मळा आहे, राखणीला बंदूक हवी म्हणून पुतण्याचा अर्ज करायला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका एजंटाकडे गेलो. (बिबट्यावर चालवायची नसते, ठाऊक आहे.) दीड हजार घेतले, फॉर्म सुरेख भरला, चहा पाजला. पण पुतण्याची सोळाव्या वर्षीची मारामारीची केस ऐकताच म्हणाला, “काका, विसरा!”

अहो, बाल न्याय अधिनियम २०१५चं कलम २४ काय म्हणतं? बाल न्याय मंडळाने दोषी धरलं तरी पुढे अपात्रता चिकटत नाही. अतिगंभीर गुन्हे सोडले तर अपिलाची मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट करायच्या. अमेरिकेत २०२२पासून बंदूक घेणाऱ्या एकविशीखालच्या गिऱ्हाइकाच्या बालवयातल्या नोंदी तपासतात, हा तिकडचा नियम आम्हाला ऐकवत होता!

पैसे परत मागितले, तर म्हणे स्टॅम्पात गेले.