समुद्रकाठचा बंगला, आगाऊ रक्कम आणि मग न लागणारा फोन

लहान किनारी गावात राहायची जागा ठरवताना होणारी फसवणूक ओळखायला अवघड जाते, कारण तिथला खरा व्यवहारही तसाच चालतो. राहायच्या जागा मोजक्या, त्यातल्या बऱ्याच घरगुती. वेबसाइट नसते, असलीच तर तिला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. बोलणं फोनवर होतं आणि काही रक्कम आगाऊ द्यावी लागते. भामट्याला वेगळं नाटक करावंच लागत नाही. त्यामुळे ‘आगाऊ मागितले म्हणजे खोटा’ हा नियम इथे उपयोगाचा नाही.

सगळ्यात चलाख प्रकारात जागा खरी असते, फोटो खरे असतात, रिव्ह्यूही खरे असतात. खोटा असतो तो फक्त फोन नंबर. ऑनलाइन नकाशावरच्या कुठल्याही जागेच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतो, आणि मालकाने ते पान स्वतःच्या ताब्यात घेतलेलं नसेल तर चुकीचा नंबर तिथे महिनोन्‌महिने टिकतो. माणूस सामान घेऊन दारात उभा राहतो आणि मालक म्हणतो, तुमच्या नावाचं बुकिंगच नाही. म्हणून नंबर किमान दोन वेगळ्या ठिकाणी जुळवा. जुन्या रिव्ह्यूंमध्ये लोकांनी टाकलेल्या फोटोंत कधीकधी पाटी दिसते, पाटीवर नंबर असतो. तो सगळ्यात विश्वासाचा. शेजारच्या दुकानाला फोन करून विचारलं तरी चालतं. लहान गावात कोणाचं घर कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ही सोय मोठ्या शहरात नाही.

दुसरा प्रकार सरळ खोट्या साइटचा. शोधाच्या निकालात वर ‘प्रायोजित’ म्हणून दिसणारी साइट वर आहे ती पैसे भरून, नावलौकिकामुळे नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या खुणेवरही जाऊ नका. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि साइटच्या मधला मजकूर तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा चोर असला तर तो मजकूर सुरक्षितपणे चोराकडे पोचतो. कुलूप दाखवण्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्यापेक्षा डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्यातलं नाव, कधी नोंदवलं ते बघा. आयकॅन या, अशा नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर ती तारीख फुकट दिसते. ‘वीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या साइटचं डोमेन गेल्या महिन्यातलं निघालं तर पुढे बोलायचं कारण उरत नाही.

आता फोटो. फोटो उलट शोधात टाकून बघा, म्हणजे तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधा, हा सल्ला सगळेच देतात, पण भामट्यांनाही तो माहीत आहे. ते फोटो आरशातल्यासारखा उलटा करतात, कडा कापतात, वॉटरमार्कची पट्टी उडवतात. म्हणून शोधण्याआधी फोटो स्वतः आडवा फ्लिप करून दोन्ही बाजूंनी शोधा. टिनआय या सेवेत निकाल सगळ्यात जुन्यापासून लावता येतात. तोच ‘बंगला’ भलत्याच देशात आधी दिसला तर प्रश्न मिटला. फोटोत दडलेल्या तारखेवर आणि स्थळाच्या माहितीवर मात्र विसंबू नका. मेसेजिंग ॲपवरून आलेल्या फोटोतून ती बहुधा गळून गेलेली असते, खऱ्या मालकाच्याही.

फोटो, कागद, शिक्के, रिव्ह्यू सगळं बनवता येतं. सूर्य आणि भरती-ओहोटी मात्र भामट्याच्या हातात नसते. उपग्रह नकाशा उघडून किनारा कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा. समुद्र पूर्वेला असेल आणि गच्चीवरून ‘समुद्रात बुडणारा सूर्य’ दाखवला असेल, तर तो फोटो तिथला नाही. दुसरी कसोटी भरतीची. थेट व्हिडिओ कॉलवर फाटकापासून पाण्यापर्यंत चालत जायला सांगा आणि त्याच वेळी त्या किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक उघडा. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. वेळापत्रक ऐन ओहोटी सांगतंय आणि व्हिडिओत पाणी कठड्याला टेकलंय, तर तो आधी घेतलेला व्हिडिओ आहे किंवा जागा भलतीच आहे. खरा मालक कुरकुर करेल, पण चालून दाखवेल. ‘नेट नाही’, ‘केअरटेकर बाहेर गेलाय’ हे एकदा ठीक. तीनदा झालं की सोडून द्या.

भरतीचा आणखी एक उपयोग आहे, तो जागा खरी असली तरी. जाहिरातीतला रुंद वाळूचा पट्टा जवळपास नेहमीच ओहोटीला टिपलेला असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या भरतीला काही किनाऱ्यांवर वाळू उरतच नाही. तुमच्या तारखा त्यात असतील तर ‘दारातच बीच’ म्हणजे दारातच लाटा.

अंतराचाही असाच खेळ असतो. ‘समुद्रापासून २०० मीटर’ हे नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये खाडी, कुंपण किंवा कडा असला की चालायचं अंतर कितीतरी पट होतं. पायी जायचा रस्ता नकाशावर स्वतः काढून बघा. खोलीचा आकार ओळखायला फरशा मोजा. वाइड लेन्सने टिपलेली खोली ऐसपैस दिसते, कडेचा पलंग ताणल्यासारखा होतो, पण फरशांची संख्या बदलत नाही. फरशी ६० सेंटिमीटरची धरली आणि भिंतीलगत पाचच भरल्या, तर खोली तीन मीटरची. फरशीचा आकार मालकाला विचारून घ्या, म्हणजे अंदाज चुकणार नाही.

पैशाचा भाग सगळीकडे एकाच चालीने जातो. आधी छोटी रक्कम, ‘तारीख अडकवायला’. मग ‘अजून दोन पार्ट्या विचारतायत’ म्हणून उरलेली. मग परत मिळणारी अनामत, मग कुठलातरी कर. तुम्ही बिचकलात की रक्कम परत करायची तयारी दाखवली जाते आणि त्यासाठी क्यूआर कोड किंवा लिंक येते. पैसे घ्यायला पिन किंवा ओटीपी टाकावा लागत नाही. तो टाकलात की पैसे जातात, येत नाहीत. पहिल्या रकमेत फसलेले बरेच लोक दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्यात जास्त गमावतात, कारण आधीचे वाचवायचे असतात.

खातं कोणाच्या नावावर आहे ते पैसे पाठवण्याआधी बघा. जागेच्या किंवा मालकाच्या नावाशी ते जुळत नसेल आणि ‘भाच्याचं खातं आहे’ असं उत्तर आलं तर थांबा. क्रेडिट कार्डाने भरता येत असेल तर तेच वापरा. सेवा मिळालीच नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेली रक्कम परत, मागता येतो. मुदत ठरलेली असते, बऱ्याच प्रकरणांत १२० दिवसांची. थेट खात्यात पाठवलेल्या पैशाला हा आधार नाही.

बुकिंग प्लॅटफॉर्मवरून केलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. ‘बाहेर भरा, कमिशन वाचेल’ म्हटलं आणि तुम्ही ऐकलं, की प्लॅटफॉर्मचं संरक्षण संपलं. त्याहून वाईट म्हणजे हॉटेलचंच खातं भामट्यांच्या हाती गेलेलं असणं. मग प्लॅटफॉर्मच्याच चॅटमध्ये, तुमच्या खऱ्या तारखा आणि खऱ्या नावासकट मेसेज येतो: कार्ड पडताळा, नाहीतर बारा तासांत बुकिंग रद्द. लिंक दाबू नका. ॲपमध्ये स्वतः जाऊन बुकिंगची स्थिती बघा आणि हॉटेलला आधी जुळवलेल्या नंबरवर फोन करा.

किनाऱ्यावर पोचल्यावरचे प्रकार किरकोळ, पण एक सांगायलाच हवा. भाड्याची जेट स्की परत करताना ‘हा ओरखडा तुम्ही पाडला’ म्हणून भरपाई मागतात. घेण्यापूर्वी भाड्याने देणाऱ्याच्या देखत चारही बाजूंचा आणि खालच्या भागाचा व्हिडिओ घ्या, आणि मूळ ओळखपत्र किंवा पासपोर्ट तारण म्हणून देऊ नका.

पैसे गेलेच असतील तर आधी बँकेला फोन, भामट्याला नाही. तुम्ही बोंब मारली की तो पुढच्या खात्यात रक्कम हलवतो. व्यवहार क्रमांक, चॅट, साइटचा पूर्ण पत्ता, खात्याचं नाव यांचे स्क्रीनशॉट लगेच घ्या. नंबर ब्लॉक झाला की प्रोफाइल दिसेनासं होतं. मग सायबर पोलिसांत तक्रार. आणि काही दिवसांनी ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येईल. तोही भामटाच. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, त्यातूनच तुमचा नंबर त्याला मिळालेला असतो.