खाडीच्या धक्क्यावर थांबायचं की पुलाने वळसा घ्यायचा?

अलिबागहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघालेल्या सायकल गटाचं वेळापत्रक चढांवर बिघडत नाही, धक्क्यांवर बिघडतं. रत्नागिरीपर्यंत चार खाड्या बोटीने ओलांडायच्या असतात: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. रत्नागिरीच्या खाली बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. अगदी शेवटी तेरेखोलला पुन्हा बोट लागते, पण ती आरोंद्याच्या पुलाने सहज चुकवता येते.

बोट नुकतीच सुटली, गर्दी आहे किंवा बिघाड झालाय, अशा वेळी काय करायचं? उत्तर सगळीकडे सारखं नाही.

दाभोळला डोळे मिटून थांबा. वाशिष्ठीवरचा सोयीचा पूल पार चिपळूणला. म्हणजे दापोलीचा चढ उलटा चढायचा, खेडला उतरायचं, महामार्गाने चिपळूण गाठायचं आणि मग पुन्हा गुहागरकडे यायचं. समोर दिसणाऱ्या किनाऱ्यासाठी अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा दोन तास थांबणं परवडतं, वेळ पडली तर दाभोळात मुक्कामही परवडतो. तेवढ्यात अंडा मशीद आणि चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ बघून होतं.

जयगडला नेमकं उलटं. शास्त्री नदीवर भातगावचा पूल आहे. गुहागरहून आबलोली, भातगाव, जाकादेवी असं गेलात तर त्याच संध्याकाळी गणपतीपुळ्याला पोचता. चढउतार आहेत, हेदवी आणि वेळणेश्वर हुकतं, पण दिवस वाया जात नाही. मात्र हा निर्णय गुहागरातच घ्यायचा. तवसाळच्या धक्क्यावर उतरून बोट बंद आहे असं कळलं, तर तोच रस्ता फार जिवावर येतो.

बागमांडल्याला रात्रीचा मुक्काम कुठे आहे ते बघा. दापोली असेल तर म्हसळा, आंबेत, मंडणगड हा वळसा चालतो. केळशी किंवा आंजर्ले असेल तर बोटच हवी, कारण मंडणगडला चढून परत किनाऱ्याला उतरणं म्हणजे हौसेने पाय मोडून घेणं. शिवाय आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहिलेला आहे, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बाणकोट खाडीच्या मुखावरचा पूल तर वर्षानुवर्षं रखडला. आगरदांड्याला थांबा, राजपुरीची खाडी खूप आत शिरलेली आहे.

आता खरी गोम. नाताळच्या सुट्टीत धक्क्यावर गाड्यांची भली मोठी रांग लागते आणि गट घाबरतो. पण त्या रांगेत सायकल नसते. जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या या बोटीवर, गाड्या लागल्या की मधल्या फटींत, कठड्याला टेकवून डझनभर सायकली मावतात. अडकतो तो मागून येणारा टेम्पो, आणि त्यात असतं पाणी, पंप, सुटे भाग, सगळ्यांचे कपडे. त्यामुळे टेम्पो असलेल्या गटाने सकाळच्या पहिल्या बोटीला टेम्पो पुढे पाठवावा आणि पंक्चरचं सामान प्रत्येकाच्या सायकलवर ठेवावं. बिनटेम्पोच्या गटाला रांगेची फिकीर नाही. त्याने फक्त शेवटची बोट किती वाजता सुटते तेवढं विचारून ठेवावं. रमतगमत येणारे चारजण मागे असतील तर बोटीच्या माणसाला आधी सांगा. तो पाच मिनिटं थांबतो, अर्धा तास नाही.

दुसरा उशीर ओहोटीचा. उधाणाच्या दिवसांत सुकती म्हणजे ओहोटी लागली की पाणी पार खाली जातं, उतार चिखलाने निसरडा होतो आणि बोट लावायला वेळ लागतो. कोकणातला जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. सुकती त्याच्या आधी किंवा नंतर सहाएक तासांनी. मुक्काम ठरवतानाच कॅलेंडर उघडलंत तर धक्क्यावर घोटाभर चिखलात सायकल ढकलावी लागत नाही.

परतीचं थोडक्यात. टेम्पो असेल तर सायकली त्यात, माणसं गाडीने. याच्याशी बाकी कशाची बरोबरी नाही. टेम्पो नसेल आणि चारच्या आत माणसं असतील, तर पुढचं चाक काढून स्लीपर बसच्या डिकीत टाका, पण तिकीट काढण्याआधी बसवाल्याशी बोला. त्याहून मोठ्या गटाने रेल्वे पाहावी आणि मडगावलाच सुरू होणारी गाडी निवडावी, मांडवी किंवा कोकणकन्या. मधल्या स्टेशनावर दोन मिनिटांच्या थांब्यात आठ सायकली चढत नाहीत. लगेजच्या खिडकीवर दोन-तीन तास आधी जा आणि सायकलीवर नाव, फोन, स्टेशन ठळक लिहा. डब्यात जागा नसेल तर सायकल मागच्या गाडीने येते, आणि मार्ग बराचसा एकेरी असल्याने गाडीही क्रॉसिंगला ताटकळते. सोमवारी ऑफिस असेल तर पणजी शनिवारीच गाठा.