दुबईच्या इमारतींसाठी कॅनन टीएस-ई २४ मिमी: विकत की भाड्याने?

दुबईत इमारतींचे फोटो काढताना उंचीपेक्षा जास्त नडते ती मागे सरकायला नसलेली जागा. आज समोर मोकळा प्लॉट दिसतो, पुढच्या हिवाळ्यात तिथे पत्र्याचं कुंपण आणि क्रेन. कॅननची टीएस-ई २४ मिमी एफ/३.५ एल टू (टिल्ट-शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न हलवता सरकवता आणि तिरपी करता येणारी; २००९ची, ७८० ग्रॅम, फक्त मॅन्युअल फोकस) इथे किती उपयोगी पडते, ते सरळ हिशेबानेच पाहावं.

कॅमेरा वर न झुकवता ही लेन्स १२ मिमी वर सरकते (हेच शिफ्ट), त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. फुल फ्रेम (२४×३६ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा लावला तर इमारतीपासूनच्या अंतराच्या सव्वापट उंची मावते, आडवा लावला तर अंतराइतकीच. दुबई मरीनातला पिळदार कायन टॉवर ३०० मीटरहून उंच आहे. म्हणजे जवळपास २५० मीटर मोकळे हवेत. मरीनात ते मिळणं कठीण. तिथे शेंड्याचा हट्ट सोडावा आणि ७०-२०० मिमीची झूम लेन्स लावून पिळाचा मधला पट्टा घ्यावा. नक्षीच हवी असेल तर तो फोटो बहुधा जास्त चांगला येतो.

कड्याच्या आकाराच्या म्युझियम ऑफ द फ्युचरला (७७ मीटर) साधारण ६२ मीटर पुरतात, पण तिथे सरळ रेषाच नाहीत. शिफ्ट पूर्ण लावलं की वरचा भाग ताणला जातो आणि कडं अंड्यासारखं दिसू लागतं. शक्य तितकं मागे जाऊन ५-६ मिमीवर थांबावं.

या लेन्सचे पैसे वसूल होतात ते बिझनेस बेमधल्या ओ-१४ टॉवरवर. ४० सेंटीमीटर जाडीचं काँक्रीटचं कवच, त्याला १३००हून जास्त भोकं, आणि मागे सुमारे मीटरभर पोकळी सोडून काच. ऊन तिरपं असलं की भोकांच्या सावल्या आतल्या काचेवर पडतात आणि एकावर एक दोन नक्ष्या दिसतात. साध्या लेन्सने वर झुकून काढलेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये सरळ केला, तर वरची भोकं ताणून मोठी होतात आणि त्यांच्या कडा मऊ पडतात. शिफ्टने ते टळतं. कॅमेरा उभा, पातळी तपासलेली. मग १२ मिमी खाली, शून्य आणि १२ मिमी वर असे तीन फोटो जोडले की ६० मिमी उंचीच्या सेन्सरइतका पट्टा मिळतो. एक्स्पोजर शिफ्ट शून्यावर असतानाच मोजून मॅन्युअलवर ठेवायचं. डीएसएलआरचा मीटर शिफ्टनंतर चुकतो. एफ/८ ते एफ/११ ठीक. एफ/३.५ला पूर्ण शिफ्टमध्ये कोपरे काळवंडतात.

अल फहिदीतल्या जुन्या वस्तीत, प्रवाळाच्या दगडांच्या भिंती आणि वर बर्जील (वारा खाली आणणारे मनोरे), चौकांत ही लेन्स मस्त चालते. गल्ल्यांत मात्र २४ मिमीही अपुरी पडते. १७ मिमीची टीएस-ई आहे, पण तिची पुढची काच फुगीर, साधा फिल्टर बसत नाही.

आता तक्रारी. टिल्ट (लेन्सचा तिरपेपणा) शून्यापासून किंचित जरी हलला, तरी एका बाजूच्या खिडक्या धूसर होतात आणि छोट्या स्क्रीनवर ते कळतही नाही. लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) १० पट मोठा करून दोन्ही कडा पाहाव्यात, मगच टिल्ट लॉक करावा. वर सरकवलेली लेन्स स्वतःच्या वजनाने हळूच खाली येऊ शकते; शिफ्टचा लॉक स्क्रू विसरू नये. सरकणाऱ्या भागांत वाळू जाते, तेव्हा शमाल (वायव्येकडचा धुळीचा वारा) सुटला की लेन्स बॅगेतच बरी. उन्हाळ्यात एसीतून बाहेर आल्यावर काच धुरकटते आणि पुसली तरी पुन्हा धुरकटते; बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावी. ८२ मिमीचा जाड पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) पूर्ण शिफ्टला कोपरे खातो, शिवाय काचेच्या इमारतीचं प्रतिबिंब एकीकडे मारतो, दुसरीकडे ठेवतो. नसलेलाच बरा.

ट्रायपॉडला मॉलच्या आवारात आणि खासगी चौकांत सुरक्षारक्षक हटकतात. परवानगी आधीच काढावी.

ऑनलाइन टाकण्यापुरते फोटो हवे असतील तर चांगली २४-७० मिमीची झूम लेन्स आणि सॉफ्टवेअर पुरे. मोठे प्रिंट काढणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत ही भाड्याने आणावी. विकत घेणं रोज इमारतीच काढणाऱ्यांनाच परवडेल. भाड्याची लेन्स ताब्यात घेताना दोन्ही नॉब टोकापर्यंत फिरवून पाहावेत, वाळूची करकर जाणवली तर दुसरी मागावी.